आठवं काज

माझी आजी देवाला अरेतुरे करायची आणि आजोबांना अहोजाहो. लहानपणी मला वाटायचं, दोघांत आजोबाच मोठे असणार. एकदा मी तसं विचारलंही. आजी म्हणाली, "देव आपला आहे, त्याच्याशी कसलं मानपान? तुझ्या आजोबांचं तसं नाही. ते रागावतात." आजोबा समोरच बसले होते. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र जरा वर धरलं. हसू लपवायचं असलं की ते वर्तमानपत्र वर धरायचे.

आजी काजं करायची. शर्टाचं बटण ज्या चिरेत अडकतं ते काज. आता ती यंत्रावर होतात, अर्ध्या मिनिटात एक, आणि सहा महिन्यांत उसवतात. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक शिंपी होता, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. तो शर्ट शिवून आमच्याकडे पाठवायचा, आजी काजं करून द्यायची आणि मग दुकानात बटणं लागायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून आजीची खुर्ची होती. खिडकीच्या कठड्यावर टोकदार कात्री, बोटात घालायचा अंगुस्ताना आणि मेणाचा एक पिवळा गोळा. दोरा त्या गोळ्यावरून ओढला की बारीक किरकिर व्हायची. वर्षानुवर्षं दोरे ओढून गोळ्याला चर पडले होते. त्या गोळ्याला मी एकदा दात लावून पाहिले होते, त्याची खूणही शेवटपर्यंत होती.

सुरुवातीला मास्तर चॉकने खुणा करून द्यायचा. पुढे त्याने खुणा करणं सोडूनच दिलं, कारण आजी बोटांनी अंतर धरायची आणि ते त्याच्या टेपपेक्षा नेमकं निघायचं. कॉलरपाशी एक, खाली ओळीने सहा, दोन्ही कफांना एकेक. शर्टामागे नऊ काजं. आणि प्रत्येक काजाला एक माणूस.

ही तिची प्रार्थना. म्हणजे संध्याकाळी सातला सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना घरात होतीच, रविवारची चर्चमधली उपासनाही कधी चुकली नाही. पण तिची खरी भक्ती त्या खुर्चीत चालायची. चीर पाडली की ती ओठ हलवायला लागायची आणि शेवटची गाठ पडेपर्यंत एकाच माणसाबद्दल देवाशी बोलायची. कॉलरचं काज देवाचं, तिथे काही मागायचं नाही, नुसते आभार. दुसरं आजोबांचं. चौथं माझ्या आईचं, पाचवं बाबांचं, सहावं माझं. अगदी खालचं सातवं, ज्याचं जगात कोणी नाही त्याचं. उजवा कफ पाळकसाहेबांचा. डावा कफ, त्या आठवड्यात तिचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्याचा. डाव्या कफावर बहुतेक वेळा मास्तरच असायचा.

मला माझी जागा अजिबात पसंत नव्हती. मी सात-आठ वर्षांची होते आणि भांडखोर म्हणून नावाजलेली होते.

"मी पोटावर का?" मी विचारलं.

"मग कुठे बसवू?"

"बाबांच्या वर. बाबा आठवड्यातले चार दिवस घरीच नसतात." बाबा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर होते.

"अगं, पोटावरचं काज सगळ्यात आधी फाटतं," आजी म्हणाली. "जेवून उठलं की सगळा ताण तिथेच येतो. म्हणून तिथे मी चार टाके जास्त घालते. वर जायचंय का तुला?"

मग मी गेले नाही. चार टाके जास्त म्हटल्यावर मी बाबांकडे जरा दयेनेच पाहायला लागले.

तिसरं काज मी मुद्दाम राहू दिलंय. तिसरं काज आजी तोंड मिटून करायची. बाकी आठांना तिचे ओठ हलायचे, तिसऱ्याला ते असे घट्ट मिटायचे की जणू तोंडात टाचणी धरली आहे. "तिसऱ्याला कोण आहे?" असं विचारलं की म्हणायची, "ते रिकामं आहे. जा, पाणी आण." पाणी पुढ्यातच असायचं.

तिसरं मामाचं होतं. आईचा थोरला भाऊ. हे मला आईने सांगितलं, तेसुद्धा स्वयंपाकघराचं दार लोटून.

आपल्या भाषेत 'नाव काढणं' हा मोठा लबाड प्रकार आहे. मामा लहान असताना आजोबा येईल-जाईल त्याला सांगायचे, "बघत राहा, हा पोरगा नाव काढणार." पाण्याचे मीटर वाचायची त्यांची नोकरी, दिवसाला शंभर घरांची पायरी चढायची, त्यामुळे ही बातमी सगळ्या गावाला झाली होती. मामाने पाळक व्हायचं, हे त्याच्या जन्माआधीच ठरलं होतं. आजीने तसं देवाला कबूल केलं होतं. मामा शिकायला गेला, दीड वर्ष राहिला आणि एके दिवशी ट्रम्पेटची पेटी घेऊन एका हॉटेलच्या बँडमध्ये जाऊन बसला. ट्रम्पेट त्याला चर्चमध्येच शिकवलं होतं, हे आजोबांना जास्त झोंबलं. पायऱ्या त्याच, घरंही तीच, आणि आता प्रत्येक दारात लोक विचारायला लागले, "काय हो, मुलगा कुठवर आला?" आजोबा एका दुपारी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "आजपासून या घरात त्याचं नाव काढायचं नाही."

आजीने ते अक्षरशः पाळलं. सातच्या प्रार्थनेत आजोबा सगळ्यांची नावं घ्यायचे, मामाचं गाळून, आणि आजी आमेन म्हणायची. मामा माझ्या आईला तिच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर कार्ड पाठवायचा. आई तिथे नर्स होती. एक कार्ड आईने घरी आणलं, आजीला वाचून दाखवायला. आजीने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"खाली त्याची सही असेल ना?"

"असणारच. कार्ड त्याचं आहे."

"मग नको." थोड्या वेळाने म्हणाली, "अक्षर तसंच आहे का गं? तिरकं?"

तेव्हाच तिचे डोळे अधू व्हायला लागले होते. सुईत दोरा ओवायला मी लागायची. आईला ती एकदाच म्हणाली, "मला बाकी काही नको. डोळे शाबूत आहेत तोवर एकदा त्याला बघायचंय. पण यांनी बोलावल्याशिवाय तो यायचा नाही, आणि यांच्या शब्दाबाहेर मी जायची नाही." आईने आजोबांपाशी विषय काढून पाहिला. ते उठून मीटरचं रजिस्टर घेऊन बसले. सहा वर्षं अशी गेली.

मग माझा भाऊ झाला. माझं वय आठ, त्याचं तीन दिवस, आणि घरात मला एकच काळजी होती: याला कितवं काज मिळणार? आजीपाशी जागा शिल्लक नव्हती. कॉलर देवाची, तिथे कोणाला हलवता येत नाही. आजोबांना कोण हलवणार? पाळकसाहेबांना काढावं असं मी सुचवलं, ते नामंजूर झालं.

आई बाजेवरून म्हणाली, "आई, तिसरं देऊन टाक ना बाळाला. कधीपासून नुसतं रिकामंच तर आहे."

हे ती मुद्दामच म्हणाली असणार. मास्तरकडून एक शर्ट आला होता, आजीने तो मांडीवर घेतला. एका मोठ्या वकिलाचा रेशमी शर्ट, त्याच्या मुलीच्या लग्नासाठी शिवलेला. दोरा मीच ओवून दिला. आजीचे ओठ हलले, हलले, मिटले, पुन्हा हलले. मी समोर बसून बघत होते, पण माझं लक्ष माझ्या टाक्यांवर होतं. ते नेहमीइतके पडले आणि मी खेळायला गेले.

चार दिवसांनी दुपारी मास्तर आला. कधी घरी न येणारा माणूस, हातात तो शर्ट, आणि कपाळावर आठ्या. आजोबाही नेमके घरीच होते. एका मीटरपाशी कुत्रा चावल्यामुळे पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"वहिनी," मास्तर म्हणाला, "बावीस वर्षांत मी तुमच्या कामावर बोट ठेवलेलं नाही. पण हे काय?"

"काय झालं?" आजोबांनी हात पुढे केला. मास्तरने शर्ट त्यांना दिला. आजोबांनी चष्मा लावला, कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने मीटर वाचावा तशी बटणपट्टी वाचायला घेतली. एक, दोन, तीन. शेवटाला पोचले आणि थांबले. मग खालून वर मोजलं.

"आठ," ते म्हणाले.

"आठ!" मास्तर म्हणाला. "आणि अंतर बघा, एकसारखं. म्हणून आधी माझ्याही लक्षात आलं नाही. बटणं लावायला घेतली तर एक काज उरतंय. रेशमात पाडलेली चीर मी आता कुठे लपवू?"

आजी बाळाला घेऊन दारात उभी होती. ती पुढे आली, शर्टावर वाकली आणि बोटाने एकेक काज चाचपत खाली गेली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. काम बिघडल्याची लाज तोवर तिला कधी माहीतच नव्हती.

"बाळाचं केलं वाटतं मी," ती पुटपुटली.

"बाळाचं म्हणजे?" आजोबा म्हणाले. काजांची सगळी वाटणी त्यांना पाठ होती, आपण दुसरे आहोत याचा त्यांना गर्वही होता. "बाळाला तिसरं आहे की. ते तर रिकामं आहे ना?"

कोणीच बोलेना. आणि शांतता मला लहानपणापासून सोसत नाही.

"रिकामं नाही काही," मी म्हणाले. "तिसरं मामाचं आहे. ती तोंड मिटून करते."

आईने माझा दंड धरला. आजोबांनी चष्मा काढला. आजी त्यांच्याकडे वळली, आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, "मी नाव काढलेलं नाही हो. तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून एकदाही नाही. देवासमोरसुद्धा नाही. त्याला म्हटलं, तुला माहीत आहे कोण ते, मी तोंड उघडत नाही."

मास्तर बिचारा खोकला. आला होता भांडायला आणि सापडला भलत्याच ठिकाणी. आजोबा त्याला म्हणाले, "शर्ट इथेच राहू दे. वकिलाचं काय करायचं ते मी बघतो, कापडाचे पैसेही मी देतो." मास्तर चप्पल उलटसुलट घालून गेला.

मला वाटलं, आता सातला प्रार्थनेत आजोबा मामाचं नाव घेतील. मी डोळे किलकिले ठेवून बसले होते. त्यांनी आजीचं घेतलं, आईबाबांचं घेतलं, माझं, बाळाचं, आणि थांबले. मग नुसतंच आमेन म्हणाले. मला त्यांचा असा राग आला की मी आमेन म्हटलंच नाही. माझ्या आयुष्यातला तो पहिला गाळलेला आमेन. पुढे पुष्कळ गाळले, पण त्याची सुरुवात तिथे झाली.

आजीने त्यानंतर मास्तरला चॉकच्या खुणा करून पाठवायला सांगितलं. हात बिचकायला लागला होता. एका शर्टाला तिला दुप्पट वेळ लागे.

रविवार आला. उपासनेला निघायची वेळ झाली तरी आजोबा आतल्या खोलीतून बाहेर येईनात. आजी दोनदा दार वाजवून आली. शेवटी ते आले तेव्हा त्यांच्या अंगात तो रेशमी शर्ट होता. वकील अंगाने भरलेला असावा. आजोबा आत कुठेतरी होते. आणि बटणपट्टीला आठ बटणं होती. सात मोत्याच्या रंगाची, मास्तरने शर्टासोबत ठेवलेली. आठवं खाकी, आजोबांच्या गणवेशाचं, काळ्या दोऱ्याने लावलेलं. आजोबांनी आयुष्यात सुई धरली नव्हती. ती आठही बटणं त्यांनी स्वतः लावली होती, वेडीवाकडी, आणि बोटांना चार ठिकाणी टोचून घेतलं होतं.

आजीने चष्मा पुसला. तिला नीट दिसेना म्हणून ती अगदी जवळ गेली आणि बोटांनी बटणं मोजायला लागली. दोन मोजली आणि तिचं बोट तिसऱ्यावर थांबलं.

"काढ नाव," आजोबा म्हणाले.

"तुम्ही आधी."

आजोबांनी मामाचं नाव घेतलं. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं पूर्ण नाव, जे घरात कोणीच वापरत नसे. सहा वर्षांनी आजीला परवानगी मिळाली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने त्यांच्या शर्टाच्या छातीवर कपाळ टेकलं आणि रडली. आमच्या घरात कोणी कोणाला असं सर्वांदेखत टेकत नसे, त्यामुळे मी आणि आई खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या रविवारी आम्ही सगळे उशिरा पोचलो. दारात पाळकसाहेब म्हणाले, "शर्ट नवीन दिसतोय." आजोबा म्हणाले, "आठ बटणी आहे," आणि ताठ मानेने आत गेले.

मामाला कार्ड आजोबांनीच लिहिलं. दोन ओळी, त्यातली एक कुत्र्याबद्दल. मामा पुढच्या महिन्यात आला, पेटी घेऊन. तो खूप जाड झाला होता आणि दारातच उभा राहिला. आजीने त्याला उजेडात, तिच्या खुर्चीपाशी ओढून नेलं, डोकं दोन्ही हातांत धरून इकडे वळवलं, तिकडे वळवलं, कापडात दोष शोधावा तसं.

"दिसतंय का?" मामाने विचारलं.

"दिसतंय," आजी म्हणाली. "केस कुठे गेले रे?"

मामा पाळक झाला नाही. बँडमध्येच राहिला, वर्षातून तीन-चारदा यायचा आणि रविवारी चर्चमध्ये वाजवायचा. आजीने देवाला कबूल केलेलं काय झालं, हे मी मोठेपणी तिला डिवचून विचारलं. ती म्हणाली, "मी कबूल केलं होतं देवाला, त्याने कबूल केलं नव्हतं. माझी चूक. देवाने ती उसवून दुसरीकडे लावली."

पुढे तिचे डोळे गेले. मास्तर गेला, त्याच्या मुलाने यंत्र आणलं. आजोबा गेले. आजी मात्र त्याच खुर्चीत बसून राहिली, मांडीवर एक जुनी चादर घेऊन. चादरीच्या कडेला ती काजं करायची, हाताच्या अंदाजाने, एकाला लागून एक. नातसुना, पणतू, शेजारीण, पणतूची मांजर. मी परगावाहून आले की विचारायची, "सहावी आली का?" मी चर्चला जाणं कधीच सोडलं होतं. तिला ते माहीत होतं. ती त्यावर एक अक्षर बोलली नाही, पण चादरीतलं माझं काज मी एकदा बोटाने चाचपून पाहिलं. चार टाके जास्तच होते.

गेल्या वर्षी ती गेली. मला पोचायला एक दिवस उशीर झाला, गाडी चुकली म्हणून, आणि गाडी चुकली ती फालतू कामापायी. घरात शिरले ती सगळ्यांवर चिडूनच. पुढच्या खोलीत मामा आरशासमोर उभा होता, आजोबांचा तो रेशमी शर्ट घालून. आता तो त्याला बरोबर बसत होता. थडग्यापाशी त्याला ट्रम्पेट वाजवायचं होतं, आणि सत्तरीच्या त्या माणसाला बटणं लावता येईनात.

"थांब," मी म्हणाले. कॉलरचं लावलं, दुसरं लावलं. तिसऱ्यापाशी मामाने माझा हात धरला.

"हे आता तिचं," तो म्हणाला. "तिला स्वतःला कुठे काज होतं? एवढ्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं का?"

माझ्या नव्हतं आलं. सहाव्या जागेवरून भांडणारी मी, आजीची जागा कुठे आहे हे कधी विचारलंच नव्हतं.

"मग तू कुठे जाणार?" मी विचारलं.

"आठवं आहे की."

"ते याचं आहे." माझा भाऊ दारात उभा होता, चाळिशीला आलेला, डोळे सुजलेले. "सरकतो मी," तो म्हणाला. "मामा जाड आहे, पण मावू दोघं."

खाकी बटण मी जपून लावलं, कारण दोरा आजोबांचाच होता. मग उजवा कफ. मग डावा. डाव्या कफावर ज्याच्याशी आपलं बिनसलंय त्याचं नाव घ्यायचं असतं.

"डाव्याला कोण?" मामाने हळूच विचारलं.

त्या सकाळी माझं साक्षात देवाशी बिनसलं होतं. एक दिवस, फक्त एक दिवस त्याला थांबता आलं नव्हतं. मी तोंड मिटलं आणि बटण लावलं.